वजनाचे ऑपरेशन : कोणते आणि कोणाकडून?

आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्या मंडळींचे प्रकार ठरलेले आहेत. जात पडताळणीचा अर्ज, रेशनकार्डात राहून गेलेले सुनेचे नाव, ठेकेदाराने बुडवलेला पी.एफ., शाळेची फीमाफी. राजगुरुनगरात दिवसा कारकुनी करून संध्याकाळी चार लोकांची कामे पाहणाऱ्या माणसाकडे याहून वेगळे काय येणार? पण गेल्या वर्ष-दीड वर्षात एक नवाच कागद येऊ लागला आहे. गुळगुळीत, रंगीत, वर हसऱ्या बाईचे छायाचित्र आणि खाली तीन-साडेतीन लाखांचा आकडा. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे ते कोटेशन असते. "दादा, हे करावे का? आणि करायचे तर कोणाकडून?" एवढाच प्रश्न असतो.

काही वाचकांना वाटेल, हा तर श्रीमंतांचा विषय. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, २०१४ साली अरुण जेटली यांनी दिल्लीत करून घेतली, तेव्हा आम्हीही ती बातमी वाचून पान उलटले होते. आता हा विषय चाकण एमआयडीसीच्या कँटीनपर्यंत येऊन पोहोचला आहे. आपल्या आया-आज्या दिवसभर दुसऱ्याच्या रानात वाकून काम करीत आणि रात्री अर्ध्या भाकरीवर झोपत. त्यांची नातवंडे कंपनीच्या बसने जातात, रात्रपाळीत तीन वेळा साखरेचा चहा घेतात, पहाटे सुटल्यावर नाक्यावर दोन वडापाव खातात आणि उजेडात झोपतात. पोट भरण्याची काळजी होती त्याच घरात पोट वाढण्याची काळजी एका पिढीत आली. आम्ही डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेले कारकून आहोत. परंतु कागदावर सही करण्यापूर्वी काय वाचावे आणि काय विचारावे, एवढे आम्हाला कळते. त्याच नजरेने हा विषय मांडत आहोत.

पहिली गोष्ट घरातल्या बोलण्याची. जाड माणसाला आपण आळशी म्हणतो, खादाड म्हणतो, लग्नाच्या पंगतीत हसतो. कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट संयुत्त निकायात आहे. भरपेट भात खाऊन धापा टाकीत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला हिणवले नाही. जेवणात मात्रा ओळखावी, असे त्यांनी सांगितले आणि राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ते बोल जेवताना ऐकवण्याच्या कामाला लावले. हळूहळू राजाचा आहार कमी झाला आणि अंग हलके झाले. पुष्कळांना आजही एवढे पुरते. पण वजन एका मर्यादेपलीकडे गेले की शरीरच उलटे वागू लागते. खाणे कमी केले की भूक वाढते आणि शरीर कमी इंधनात काम भागवायला शिकते. भूक चाळवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक प्रामुख्याने जठरात तयार होते, हे १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तेव्हा सव्वाशे किलोच्या माणसाला 'तोंड आवर' एवढेच सांगणे म्हणजे ताप आलेल्याला 'अंग थंड ठेव' सांगण्यासारखे आहे. हा आजार आहे, आणि आजाराला उपचार मागण्यात लाज नाही.

आता मोजमाप. वजन किलोत घ्यावे, उंची मीटरमध्ये घ्यावी. उंचीला उंचीने गुणावे आणि त्या आकड्याने वजनाला भागावे. येईल तो बीएमआय. या आकड्यावर सगळे ठरते, पण पट्टी मात्र एक नाही. अमेरिकेत १९९१ साली ठरले की बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत मधुमेहासारखा आजार असेल, तर शस्त्रक्रिया करावी. आपल्याकडच्या डॉक्टरांनी भारतीयांसाठी हीच पट्टी ३७.५ आणि ३२.५ अशी खाली आणली. कारण आपण वरून दिसतो त्यापेक्षा आतून जाड असतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात ते आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का होतो, याचे उत्तर त्या एका चित्रात आहे. २०२२ साली या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी पट्टी आणखी खाली आणली. ३५ च्या वर दुसरा आजार नसला तरी चालेल, आणि आशियाई माणसाला २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, असे त्यांचे म्हणणे.

ही पट्टी खाली येण्यात शास्त्र आहे, पण गिऱ्हाईकही वाढते, हे आमच्यासारख्या हिशेबनीसाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

विमा कंपनीची पट्टी मात्र हललेली नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली पॉलिसीतील वगळण्याची कलमे सर्व कंपन्यांसाठी सारखी केली. त्यातले लठ्ठपणाचे कलम 'एक्सक्ल ०६' या क्रमांकाने पॉलिसीत सापडते. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय निकषांना धरून असावी, वय १८ वा अधिक असावे, आणि बीएमआय ४० वा अधिक असावा. तो ३५ वा अधिक असेल तर सोबत हृदयाचा ठरावीक विकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा काबूत न राहणारा मधुमेह यांपैकी काही असावे आणि वजन उतरवण्याचे साधे उपाय करून झालेले असावेत. यात न बसणाऱ्यास पैसे मिळत नाहीत.

या पट्टीचा फटका कसा बसतो ते पाहा. चाकणच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारे आमचे एक बांधव आहेत. वय ४१, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९८ किलो, रोज दोन वेळा इन्शुलिन. बीएमआय आला ३४.७. म्हणजे डॉक्टरांच्या पट्टीत ते बसतात आणि विम्याच्या पट्टीत एक किलोने हुकतात. सोबतच्या कामगारांनी लगेच तोडगा काढला : महिनाभर दाबून जेव आणि काटा ९९ वर ने! हसू येते, पण साडेतीन लाखांचा प्रश्न असला की माणूस अशा थराला येतो. आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले की, इन्शुलिन घेणाऱ्याने असा खेळ करू नये. त्यांच्या फिजिशियनने आधी औषधे बदलून पाहायचे ठरवले. वजन आणि साखर दोन्ही उतरवणारी आठवड्याला एकदा घ्यायची नवी इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडे वजन उतरवण्यासाठीही मिळू लागली आहेत. ती थांबवली की उतरलेल्या वजनाचा बराच भाग परत येतो, हे घेण्यापूर्वी माहीत असावे. तरीही शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाने या मार्गाची चौकशी आधी करावी, असे आमचे मत आहे.

दुसरा कागद एका आई-वडिलांनी आणला. मुलगी २२ वर्षांची, पदवीधर, उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो. बीएमआय ३०.८. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. स्थळे येतात आणि फोटो पाहून परत जातात, म्हणून बँकेतली मुदत ठेव मोडून ऑपरेशन करायचे त्यांनी ठरवले होते. २०२२ च्या पट्टीवर बोट ठेवून हो म्हणणारा सर्जन त्यांना मिळालाही होता. बापाच्या डोळ्यांतली काळजी खरी होती, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण आम्ही नको म्हणालो. एकदा कापलेले जठर परत येत नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष ते दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते, आणि आपल्याकडे लग्नाला सहा महिने झाले की सासरचे लोक काय विचारतात ते सर्वांना ठाऊक आहे. ही गोष्ट त्या घरापासून लपवायची का? लपवली तर रोजच्या गोळ्या आणि वाटीभर जेवण कसे लपणार? मुलगी तोवर गप्प बसली होती. शेवटी म्हणाली, "काका, मला लग्नाची काळजी नाही. आईला चाळिशीत शुगर झाली, तिची भीती वाटते." तिला कोणी विचारलेच नव्हते. ती सध्या आहारतज्ज्ञाकडे जाते आणि तिची मुदत ठेव बँकेतच आहे.

तिसरा कागद आणणाऱ्या ताईंची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. वय ४३. कंत्राटी पद्धतीने कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतात. उंची तेवढीच, पाच फूट एक इंच, वजन ११२ किलो, बीएमआय साडेशेहेचाळीस. मधुमेह आहे, गुडघे गेले आहेत, रात्री घोरताना श्वास अडकून दचकून उठतात. आणखी दोन गोष्टी त्यांनी सहज म्हणून सांगितल्या. रात्री आडवे झाले की घशाशी आंबट येते, आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावल्याशिवाय चैन पडत नाही. या दोन गोष्टींना पुढे महत्त्व आहे.

शस्त्रक्रिया कोणती, हे समजून घेण्यासाठी मुख्य दोन प्रकार नीट कळले पाहिजेत. पहिला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. दुर्बिणीतून जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा अधिक कापून बाहेर काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. कापताना स्टेपलर यंत्राने दोन्ही कडा टाचल्या जातात. जेवण वाटीभर होते, आणि घ्रेलिन करणारा भाग बराचसा गेल्यामुळे भूकही मंदावते. आतड्यांना हात लागत नाही, म्हणून ही सोपी वाटते आणि सर्वात जास्त केली जाते. पण नळी अरुंद झाल्याने आतला दाब वाढतो. ज्यांना आधीच आम्ल वर येण्याचा त्रास आहे, त्यांचा त्रास पुष्कळदा वाढतो, आणि नसलेल्यांना नव्याने सुरू होऊ शकतो.

दुसरा प्रकार गॅस्ट्रिक बायपास. याचा उगम मोठा मजेशीर आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील सर्जन एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले की, अल्सरसाठी जठराचा भाग काढलेली माणसे पुढे जाड होत नाहीत. त्यावरून त्यांनी १९६६ साली लठ्ठपणासाठी बायपास केली. यात जठराच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी पिशवी वेगळी करून तिला खालचे लहान आतडे थेट जोडतात. अन्न मधला टप्पा टाळून पुढे जाते. मधुमेहावर हिचा परिणाम जोरदार. पुष्कळांची साखर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. आम्ल वर येण्याचा त्रासही कमी होतो. पण लोह, कॅल्शियम, बी-१२ हे शरीरात कमी शोषले जाते. आपल्या स्त्रियांचे हिमोग्लोबिन आधीच नऊ-दहा असते, तेव्हा ही बाब किरकोळ समजू नये. गोड जास्त झाले तर घाम, धडधड, जुलाब होतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आतड्याच्या जोडावर अल्सर होतो, म्हणून चांगले सर्जन तंबाखू आणि मिश्रीही आधी सोडायला लावतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या बहुतेक वेदनाशामक गोळ्या कायमच्या बंद. पोळ्या लाटून उभ्या राहणाऱ्या बाईला ही अट किती अवघड आहे, ते पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत बसून कळत नाही.

मिनी बायपास हा त्याचाच धाकटा भाऊ. १९९७ साली अमेरिकेत सुरू झाला. दोन जोडांऐवजी एकच जोड असल्याने वेळ कमी लागतो आणि भारतात बराच केला जातो. यात पित्तरस जठरात उलटा येऊ शकतो, आणि आतडे जास्त लांब वगळले तर प्रथिनांची कमतरता होते. जठराला बाहेरून पट्टा आवळण्याची पद्धत आता मागे पडली आहे. पोटात फुगा सोडणे ही शस्त्रक्रियाच नव्हे. काही महिन्यांनी तो काढावा लागतो आणि वजन परतीच्या वाटेला लागते.

उतरते किती? स्लीव्ह किंवा बायपासने पहिल्या दीड-दोन वर्षांत मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के. म्हणजे ताईंचे ११२ किलो ८० च्या आसपास येतील. कोणी ५५ चे आश्वासन देत असेल तर तिथून उठावे. पुढच्या वर्षांत थोडे वजन पुन्हा चढते, तेही आधीच ऐकून ठेवावे. जीवाचा धोका अनुभवी केंद्रात हजारांत एक ते तीन इतका, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या जवळपासचा. पण किलो म्हणजेच यश नव्हे. इजिप्तच्या इमान अहमद यांना २०१७ च्या फेब्रुवारीत खास विमानाने मुंबईला आणले, तेव्हा त्यांचे वजन ५०० किलोच्या घरात असल्याचे छापून आले होते. शस्त्रक्रिया झाली. किती किलो उतरले याचे आकडे रोज प्रसिद्ध झाले, बहिणीने ते नाकारले, वाद पेटला. मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवले आणि सप्टेंबरात त्या वारल्या. हृदय आणि मूत्रपिंडे आधीच थकलेली होती. साखर किती सुटली, श्वास अडकणे थांबले का, जिना चढता येतो का, हे विचारावे. काटा त्यानंतर.

आता सर्जन. ताई प्रथम फलक पाहून एका ठिकाणी गेल्या. दहा मिनिटांत वजन-उंची घेतली, "स्लीव्ह करून टाकू" म्हणाले, आणि आठवडाभरात पैसे भरल्यास तीस हजारांची सूट सांगितली. आम्लाचे कोणी विचारले नाही, मिश्रीचे तर नाहीच. सूट देऊन जठर कापण्याचा हा प्रकार आम्हाला साडीच्या सेलसारखा वाटला. डॉक्टरांनी जाहिरात करून रुग्ण ओढू नयेत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिले आहे. फलक मोठा असणे हा गुण नव्हे, एवढे तरी त्यावरून समजावे.

मग आम्ही एका कागदावर प्रश्न लिहून दिले आणि दुसरीकडे पाठवले. तुम्ही जनरल सर्जरीचे एम.एस. की डी.एन.बी.? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? गेल्या वर्षी या शस्त्रक्रिया किती केल्या, त्यांत स्लीव्ह किती, बायपास किती? (एकच प्रकार करणारा माणूस सर्वांना तोच प्रकार सुचवतो, जसा एकच माप शिवणारा शिंपी.) किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले? अतिदक्षता विभाग याच इमारतीत आहे का? आहारतज्ज्ञ पगारी आहे की फोनवरचा? पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन केलेल्या दोन रुग्णांशी बोलायला मिळेल का? सहा महिन्यांपूर्वीचे नकोत, पाच वर्षांपूर्वीचेच. पहिले वर्ष सर्वांचेच चांगले जाते. जो डॉक्टर या प्रश्नांनी चिडतो, त्याला नमस्कार करून बाहेर पडावे. रोगी म्हणून विचारणे हा आपला हक्क आहे. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत मिळाली पाहिजेत, असे २००२ च्या त्याच आचारसंहितेत आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला ती उपयोगी पडतात.

अंतराचाही विचार करावा. टाचलेल्या कडेतून गळती होणे हा या शस्त्रक्रियेचा सर्वात वाईट प्रसंग. तो क्वचितच येतो, पण घरी आल्यावरही येऊ शकतो. नाडी १२० च्या वर, ताप, पोटात वाढती कळ, डाव्या खांद्यात दुखणे, धाप यांपैकी काही दिसले की गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेत बसू नये, जिथे ऑपरेशन झाले तिथेच जावे. राजगुरुनगरहून पुणे चाळीस किलोमीटर, पण चाकणच्या तळेगाव चौकात कोंडी झाली तर त्याचे किती तास होतात ते आपण रोज अनुभवतो. म्हणून रात्री फोन कोण उचलणार, गाडी कोणाची, हे आधी ठरवावे. दूरच्या नामांकित सर्जनापेक्षा दीड तासात गाठता येणारा अनुभवी सर्जन बरा.

दुसऱ्या सर्जनबाईंनी ताईंना पाऊण तास दिला. एंडोस्कोपी करायला सांगितली. त्यात अन्ननलिकेचा खालचा भाग आम्लाने सोललेला दिसला. स्लीव्ह तिथेच बाद झाली आणि बायपास ठरली. जेवणाचे विचारताना त्यांनी घरात स्वयंपाक कोण करते, मोठे ताट कोणाचे आणि खरकटे कोण संपवते, हेही विचारले. ताई आम्हाला म्हणाल्या, "उरलेलं मीच संपवते हे आजवर कोणी विचारलं नव्हतं."

नंतरचे जेवण हा बायकांना सर्वात अवघड वाटणारा भाग, म्हणून थोडे लिहितो. पहिले दोन आठवडे पातळ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचे. रोज साठ ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, वरणाच्या पाण्यात जवळपास काही नसते. घट्ट डाळ, अंडी, मासे, चिकन, दही, सोयाबीन हे आधी खावे आणि भात-भाकरी शेवटी, जागा उरली तर. घास बारीक चावावा, जेवताना पाणी पिऊ नये. रोज जीवनसत्त्वाच्या गोळ्या, कॅल्शियम, लोह आणि ठरावीक मुदतीने रक्ताची तपासणी, हे जन्मभर. त्याचा महिन्याचा खर्च आधी विचारून घरखर्चाच्या वहीत लिहावा. गोळ्या परवडत नाहीत म्हणून बंद केल्या तर हातापायांना मुंग्या, रक्तक्षय, हाडे ठिसूळ अशी किंमत मोजावी लागते. सतत उलट्या होत असतील तर बी-१ कमी पडून चाल आणि नजर बिघडू शकते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि पुरुषांसाठी एक सूचना : बायपासनंतर दारू भराभर चढते आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका वाढतो. ज्याला पिणे सोडायचे नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

पैशाचे म्हणाल तर खासगीत साधारण अडीच ते पाच लाख. स्टेपलर आणि त्याच्या काडतुसांची किंमत त्यात मोठी असते. ती धरून आकडा आहे का, अतिदक्षता विभागात जादा दिवस राहावे लागले तर दर काय, हे लेखी घ्यावे. कंत्राटी कामगारांना कंपनीचा गटविमा सहसा नसतो. ताईंनाही नव्हता. पण त्यांचा मुलगा दुसऱ्या कारखान्यात कायम आहे आणि त्याच्या गटविम्यात आई-वडिलांची नावे निघाली. घरात कोणाला ठाऊकच नव्हते! कार्ड कपाटात, लग्नाच्या पत्रिकांखाली होते. तेव्हा कर्ज काढण्यापूर्वी मुलांच्या पॉलिसीची पाने उघडावीत. ज्यांना विमा नाही त्यांनी सरकारी रुग्णालयाकडे पाठ फिरवू नये. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपले काम बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे, एजंटाला नव्हे. ईएसआयसीचे कार्ड असेल तर दवाखान्यात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे. जमीन किंवा दागिना विकून हे ऑपरेशन करू नये, अशी आमची विनंती आहे. जन्मभराच्या गोळ्यांना पैसा कुठून आणणार?

ताईंची पूर्वमंजुरी आली आहे. मधुमेह, झोपेची तपासणी, भूलतज्ज्ञांचा दाखला, सगळे कागद आम्ही क्रमाने लावून दिले. कँटीनच्या ठेकेदाराकडून सहा आठवड्यांची रजा लेखी घेतली आहे, कारण कणकेची परात उचलणे तोवर बंद. मुलाने विहाराजवळच्या रिक्षावाल्याला रात्री-अपरात्री येशील का म्हणून विचारून ठेवले आहे. शस्त्रक्रियेची तारीख तेवढी मिळालेली नाही. मिश्री सुटून सहा आठवडे झाल्याशिवाय तारीख देणार नाही, असे सर्जनबाईंनी सांगितले आहे, आणि ताईंचा आज अकरावा दिवस आहे.